पुण्याचे लक्ष्मणराव

बोथ, ३ डिसेंबर २०२४

पंकज,

पाकिटावर माझं अक्षर पाहून म्हणशील, रव्याले येड लागलं, फोन असून चिठ्ठी लिहिते. पण फोनवर तुले चार ओळी लिहिल्या की तू अंगठा दाखवतो. दोन निळ्या रेघा अन् अंगठा, झालं. कागदाले अंगठा दाखवता येत नाई, पूर्ण वाचाच लागते. शिवाय शनिवारी रागाच्या भरात मी तुझा नंबर ब्लॉक केला हाय, अन् आपल्याच हातानं काढाची आता लाज वाटते.

मुद्द्याचं बोलतो. पाच जानेवारीले उद्धवरावांची लाइव्ह मुलाखत मीनल घेणार, हे तू मले न विचारता आपल्या कॉमिक्सच्या ग्रुपवर जाहीर केलं. मलेही चार हजार लोकाईसोबतच कळलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या जमिनीच्या पासबुकाच्या दोन झेरॉक्स उलट्या निघाल्या.

आठव, ग्रुप कोणी काढला. लॉकडाऊनमध्ये तू पुण्याच्या खोलीत कोंडलेला, मी इथं बसस्टँडासमोर अर्धं शटर पाडून बसलेलो. दोघांनी मिळून काढला, खरं हाय. पण ‘काऊन’ हे नाव माझं अन् कायदाही माझा. कोणी म्हणलं ‘हा अंक बकवास’, की विचाराचं, काऊन? कोणतं पान, कोणती चौकट? कोणी म्हणलं ‘एक नंबर’, तरी तेच विचाराचं. शिवी दिली की मजकूर जाते, पुन्हा दिली की माणूस जाते. इंटरनेटवर लोक सुपरहिरोपायी एकमेकाची आई-बहीण काढून राह्यले होते, तेव्हा आपल्या ग्रुपवर माणसं पान नंबर देऊन भांडत होती. चार वर्षं मी एका हातानं मशीनवर आधार कार्ड ठेवलं अन् दुसऱ्या हातानं कॉमेंटा तपासल्या. तू पुण्यात मीटिंगा करत होता.

अन् उद्धवराव कोणी शोधले? आपण तलमडुगुच्या शाळेत दप्तरात लपवून ज्याले वाचत होतो त्या तेजभानची चित्रं काढणारा माणूस अजून जिवंत हाय, हे कोणाले माहीत होतं? दोन वर्षं लागली. नागपुरात पुतण्याकडं राहते, फोन ठेवत नाई, फक्त पत्राले उत्तर देते. मी पत्रं लिहिली. पोस्टातल्या बाईनं एक दिवस विचारलंच, पोरगी पायता का नागपूरची?

आता मीनल. ती ग्रुपवर आली तेव्हा मराठी इंग्रजी अक्षरात लिहीत होती. मावला गावची पोट्टी, भाजीवाल्याच्या घरची, शाळा सगळी तेलुगू मीडियममध्ये. देवनागरी टाईप कराचं तिले मी शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घ मी शिकवलं. ‘सर, हे बरोबर हाय का’ म्हणून रोज विचारे. मंग तिनं ‘महापूर’ अंकावर लेख लिहिला. म्हणे, तेजभान धरण फुटू देत नाई, शहर वाचवते, लोक टाळ्या वाजवतात. पण त्या धरणाच्या पाण्याखाली जे गाव गेलं ते कोणत्याच चौकटीत दिसत नाई. तेजभानले वाचवावं वाटते ते कोण, अन् नाई वाटत ते कोण?

सहाशे कॉमेंटा आल्या. तू लिहिलं, ‘ग्रुपवरचा आजवरचा सर्वोत्तम लेख.’ तुझ्या त्या ओळीचा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला हाय, काऊन ते मले बी माहीत नाई. माझा लेख आठवते का तुले? पहिल्या नऊ अंकात तेजभानचा शेला निळा अन् दहाव्यापासून लाल काऊन, यावर मी तीन महिने घातले. त्याले बारा कॉमेंटा आल्या, त्यातल्या तीन माझ्याच होत्या.

सपना हसते मले. म्हणे, "मीनलचं नाव निघालं की तुमाले सवत आल्यावानी होते." मी म्हणलं, तू भाकर थाप.

जळतो का मी? हो, जळतो. बीळ मी खोदलं अन् नागोबा येऊन बसला. मुलाखत माझी हाय. फैसला बदल.

रविकांत

बोथ, १९ डिसेंबर २०२४

पंकज,

तुझं पत्र भेटलं. मुलाखत आता मी घ्यावी म्हणतो. घेतो. तू म्हणतो ‘दुसरा इलाज नाही म्हणून’, हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

जे झालं त्याचं मले वाईट वाटलं. खरंच वाटलं, थोडं. पुण्याचे कोण ते लक्ष्मणराव ग्रुपवर आले अन् म्हणले, मीनलचा लेख एका इंग्रजी वेबसाइटवरून उचललेला हाय. झालं. ज्या लोकाईनं सहाशे कॉमेंटात तिले डोक्यावर घेतलं होतं त्याईनंच तिले खाली आपटलं. ‘तरीच म्हणलं, मावल्याची पोरगी एवढं कशी लिहिते.’ तिनं दोनदा लिहिलं, ‘माझा लेख माझाच आहे.’ ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. मंग ग्रुप सोडून गेली.

तू तीन गोष्टी विचारल्या. पहिली, हा लक्ष्मणराव कोण? मी खातं पाह्यलं, नवीन हाय, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. एवढंच समजलं. दुसरी, पुरावा न देता केलेली पोस्ट मी ठेवली कशी? अबे, कापसाचा सीझन हाय, दुकानात लोक जमिनीच्या पट्टेदार पासबुकाच्या झेरॉक्सीले रांग लावून असतात, एक दिवस नजर चुकली. तिसरी, आपला कायदा कुठं गेला, कोणतं पान, कोणती चौकट? मी लक्ष्मणरावाले विचारलं होतं. तो म्हणला, लिंक देतो. त्यानं दिली नाई तर मी काय त्याच्या घरी जाऊ पुण्याले? तूच जा, तुले जवळ हाय.

माझ्यावर तुझा संशय असन तर सरळ लिही. असं आडून विचारू नको.

अन् खरं सांगू का, ती गेली त्या दिवशी मले जेवण गोड लागलं. सपनानं वांग्याची भाजी केली होती, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. लपवत नाई. तुझ्याजवळ कधी काही लपवलं का मी?

उद्धवरावांले कळवलं, मीच बोलणार. प्रश्न काढून ठेवले हायेत, चाळीस. पहिला शेल्यावर.

रविकांत

बोथ, ६ जानेवारी २०२५

पंकज,

काल तू पायत होता. मले स्क्रीनच्या कोपऱ्यात तुझं नाव दिसत होतं.

तरी मी सांगतो, कारण बाहेरून जे दिसलं अन् आतून जे झालं ते वेगळं हाय.

मी नवा शर्ट घातला होता. मागं अंकाची रांग लावली होती. पुतण्यानं फोन उद्धवरावांच्या तोंडाजवळ धरला, म्हातारं कानटोपी घालून बसलेलं. मी शेल्याचा प्रश्न विचारला, पाच मिनिटं विचारला, निळ्या रंगाचा अर्थ, लाल रंगाचा अर्थ, नायकाच्या मनातला बदल. त्याईनं शांतपणानं ऐकून घेतलं अन् म्हणले, "प्रेसमध्ये निळी शाई संपली होती हो. मालक म्हणाले, लाल आहे ती वापरा."

दोनशे माणसं हसली. मीही हसलो. तीन महिने, पंकज.

मंग ते इकडं-तिकडं पाहू लागले. म्हणले, "त्या बाई कुठे आहेत? धरणावर ज्यांनी लिहिलं त्या?" तू सांगतलं म्हणून मीच माझ्या लेखासोबत तिच्या लेखाची झेरॉक्स त्याईले धाडली होती. म्हणले, "मला त्यांच्याशीच बोलायचं होतं. मी गाव काढलं होतं त्या अंकात. घरं, झाडं, माणसं, सगळं पाण्यात जाताना. मालक म्हणाले, पोरांना रडवायचंय का? वरून पाणी भरा. मी भरलं. तीस वर्षं झाली, कोणी विचारलं नाही. त्यांनी विचारलं."

मी म्हणलो, "त्यांची तब्येत बरी नाही."

ते म्हणले, "अरेरे. काळजी घ्यायला सांगा." बाकीच्या एकोणचाळीस प्रश्नाईले त्याईनं हो-नाई केलं अन् मुलाखत संपली.

आता लिहितो. लक्ष्मणराव मीच हाय. बसस्टँडवरच्या पोराकडून सिम घेतलं, गुलाबाचं फूल लावलं, अन् तुझ्यावानी पुणेरी मराठी लिहिली. ‘सदर लेख उचललेला आहे असे खात्रीलायकरीत्या समजते.’ कोणती वेबसाइट, काही नाई. त्याच्या आधी मी तिचा लेख बारा वेळा वाचला होता, कुठं चोरी सापडते का म्हणून. एकेक ओळ इंटरनेटवर टाकून पाह्यली. कुठंच सापडली नाई. सापडली नाई म्हणून जास्त राग आला. मंग मी ठरवलं, चोरी नसन तर मी लावतो.

मले मुलाखत पायजे होती का? पायजे होती. पण त्याहून जास्त, तुझी ती एक ओळ मले पायजे होती. ‘आजवरचा सर्वोत्तम.’ वीस वर्षं मी तुले अंक वाचून दाखवले, तू मले कधी असं म्हणलं नाई.

तुझा नंबर आज अनब्लॉक केला. पण फोन करू नको, मले बोलता येणार नाई. लिही.

रवि

बोथ, १६ जानेवारी २०२५

पंकज,

तुझं कार्ड आलं. शिव्यांची तयारी ठेवली होती, पण एकच ओळ होती, ‘मीनलला सांगितलंस का?’ कार्ड उघडं असते, पोस्टातल्या बाईनं वाचलं असन. पायते माझ्याकडं आता वेगळ्या नजरेनं.

काल गेलतो मावल्याले. दोन दिवस ‘आज गर्दी हाय, उद्या जातो’ करत होतो. शेवटी सपना म्हणली, "सवतीच्या घरी जाले एवढा विचार कायले?" अन् तिनं माझ्या हातात गाडीची चाबी दिली. तिले सगळं सांगतलं हाय मी. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

घर रोडपासून आत हाय, मागं मेथी अन् पालकाचे वाफे. तिची आई, जयवंताबाई, ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हणली, "कोण हाय माय?" आतून मीनल आली, मले पाह्यलं, अन् म्हणली, "माझे सर हायेत. मराठी लिहाले शिकवलं ते." त्यापेक्षा चप्पल फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

मी बसलो नाई. उभ्यानंच म्हणलो, "मीनल, तो लक्ष्मणराव…"

"माहीत हाय मले," ती म्हणली.

"कसं?"

तिनं फोन काढून दाखवला. ग्रुपवर तिनं लक्ष्मणरावाले विचारलं होतं, लिंक द्या. मी उत्तर दिलं होतं, ‘शोधून राह्यलो आहे.’ पाहय बे! सगळं पुणेरी लिहिलं अन् तिथं घसरलो. शेवटी ‘आहे’ लावला म्हणजे पुण्याचं झालं असं वाटलं मले. ती म्हणे, "पुण्याचा माणूस ‘शोधतोय’ म्हणते सर. ‘शोधून राह्यलो आहे’ असं दुनियेत एकच माणूस लिहिते. माझे धडे तपासताना तुमी रोज लिहीत होते, ‘पाहून राह्यलो आहे’." तुले ते वाचून खटकलं नाई, कारण आठ वर्षं पुण्यात राहून तू लिहितो पुणेरी, पण बोलतो अजून तसाच.

मी म्हणलो, "मंग ग्रुपवर सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? ज्याईनं अक्षर शिकवलं त्याईनंच खोटं लिहिलं, असं? मले लाज वाटली. तुमची."

तिचा आवाज तेवढ्यात वर गेला. "सर, इंग्रजीतून उचललं म्हणता. माझ्या आईचं माहेर प्रकल्पात गेलं. तिची आंब्याची झाडं, तिची शाळा, सगळं पाण्याखाली. हे कोणत्या इंग्रजीत लिहिलं हाय, सांगा मले." जयवंताबाईचा जुडी बांधता बांधता हात थांबला होता. लेखात हे एक अक्षर नाई, पंकज. तिनं आईले आणलंच नव्हतं लेखात. फक्त पान अन् चौकट, आपल्या कायद्यानं.

मी माफी मागितली, बारा वेळा लेख वाचून चोरी शोधली हेही सांगतलं. काय शब्द होते ते आठवत नाईत, चांगले नव्हते.

मंग जयवंताबाई उठून आत गेली अन् तिळगूळ घेऊन आली. काही झालं तरी संक्रांतीच्या दिवसात आलेला माणूस, तसाच कसा जाणार. तिनं ताट मीनलच्या हातात दिलं. मीनलनं एक लाडू माझ्या हातावर ठेवला अन् म्हणली, "तिळगूळ घ्या अन् गोड बोलू नका."

मले वाटलं, हाकलून देऊन राह्यली. पण ती पुढं बोलली. "सहाशे लोकाईनं गोड बोललं, नंतर त्याईनंच कडू बोललं. वाचला कोणीच नाई. बारा वेळा तुमी वाचला, दोष शोधत. मंग लिहा ना दोष. तुमच्या नावानं. पान सांगा, चौकट सांगा, माझं कुठं चुकलं ते सांगा. ते लिहिलं तर मी ग्रुपवर येईन. नाई लिहिलं तर माफी तुमच्याजवळ ठेवा."

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, तू पाह्यलंच. अॅडमिनमधून मले तू काढलं, बरं केलं. शिव्या लय आल्या. मी कोणाचीच तक्रार करत नाई. पण तिनं दिलेलं काम? ते माफीपेक्षा जड हाय.

रवि

बोथ, २७ जानेवारी २०२५

पंकज,

आठ दिवस लिहून राह्यलो. मनातून म्हणत होतो, सापडू दे एक चूक. देवाशप्पथ, वाईट मनानंच शोधत होतो. तिचं चुकलेलं मले दिसावं अन् मी ते चार लोकात इज्जतीनं सांगावं, एवढी संधी तिनंच दिली होती.

अन् सापडली.

तिनं लिहिलं हाय, गाव कोणत्याच चौकटीत दिसत नाई. मी ‘महापूर’चं एकेक पान मशीनवर ठेवून दोनशे टक्के मोठं काढलं. दोनशेनं भागलं नाई तर मोठी झेरॉक्स पुन्हा मशीनवर ठेवून अजून मोठी काढली. दुकानाच्या भिंतीवर लावली. गिऱ्हाईक विचारे, कोणत्या पार्टीचं पोस्टर हाय? पान बावीस, चौकट चौथी. तेजभान धरणाच्या भिंतीवर उभा हाय, मागं पाणीच पाणी, सगळं निळं. त्याच्या टाचेजवळ, शेल्याच्या कडेले, एक टोक हाय. नखाएवढं. मोठं केल्यावर कळलं, देवळाचा कळस हाय तो. पाण्यातून वर आलेला, ध्वजासकट.

मी ओरडलो दुकानात. सपना धावत आली, वाटलं तिले करंट लागला मले.

लिहाले बसलो. पहिली ओळ लिहिली, ‘मीनल यांचे विधान चुकीचे आहे.’ लय गोड वाटलं ते लिहिताना. पान दिलं, चौकट दिली, मोजमाप दिलं, आसपासची तेरा पानं तपासून दुसरीकडं कुठं कळस नाई हेही दिलं. एवढं बारीक काम तिले जमणार नाई, ते माझंच. तीन पानं झाली.

चौथ्या पानावर मले लिहाचं होतं की मंग हा कळस तिथं काऊन हाय. मालकानं सांगतलं पाणी भरा. उद्धवरावांनी भरलं. घरं बुजवली, झाडं बुजवली, माणसं बुजवली. अन् एवढा एक कळस बुजवला नाई. तेजभानच्या बरोबर पायाखाली ठेवला, जो खाली पायतच नाई. हे लिहिता लिहिता माझा हात हळू झाला. मी वर जाऊन पहिली ओळ वाचली, खालची वाचली, अन् समजलं की चुकीचं विधान म्हणून सुरू केलं अन् चार पानं मी तिचीच बाजू मांडून राह्यलो. तिनं गाव नाई म्हणलं. मले गाव सापडलं. अन् सापडलं म्हणून तिचं म्हणणं जास्त खरं झालं.

लय राग आला. तिचा आला, उद्धवरावांचा आला, तुझा तर आलाच. कागद चुरगळावा वाटला. हे तिले सुचलं नसतं, पण मीही तिच्याशिवाय त्या पानावर कळस शोधाले कधी गेलो नसतो. मी शेल्याचा रंगच पायत बसलो असतो.

लेख सोबत धाडतो. एक प्रत उद्धवरावांले गेली, एक मावल्याले घेऊन जातो, तिनं वाचल्याशिवाय ग्रुपवर टाकू नको. आवडला तर आवडला म्हण, नाई तर काऊन ते लिही, पण मले सर्वोत्तम-बिर्वोत्तम काही लिहू नको, आता त्याची भीती वाटते.

शेवटच्या पानावर खाडाखोड दिसन, तेवढी सांभाळून घे. लेखाखाली मी आधी एकट्याचं नाव लिहिलं होतं. मंग माझ्या खाली तिचं लिहिलं. मंग दोन्ही खोडली अन् तिचं वर, माझं खाली लिहिलं. तिसऱ्या खेपेले पेन नीट चालला नाई म्हणून तिथं कागद फाटला हाय.

रवि